दिवसाउजेडीचं लग्न

लग्नाचं आमंत्रण आलं की आमच्या घरात तीन प्रश्न हमखास निघतात. जेवणाचं काय, नमाजचं काय, आणि मुलांना न्यायचं की नाही? आमंत्रण बिगर-मुस्लिम घरातलं असेल तर हेच प्रश्न जरा मोठ्या आवाजात विचारले जातात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मैत्रिणीच्या लग्नाला आम्ही सहाजण गेलो. मी, माझे मिस्टर, सासूबाई, दोन मुली आणि धाकटा मुलगा. तेव्हाही हे तिन्ही प्रश्न निघाले आणि त्यांची उत्तरं फार सोपी निघाली. जड गेला तो चौथाच प्रश्न. तो आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. आजचा लेख त्या चौथ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी मैत्रिणीबद्दल सांगते. आम्ही बी.एड. एकत्र केलं. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं, दोन वर्षांचं 2015 पासून झालं. ते वर्ष आमचं जास्त करून लोकलमध्येच गेलं. मी खोपोलीहून यायची, ती कर्जतला चढायची. पाठ टाचणं डब्यात बसून लिहायची, तक्ते एकमेकींच्या मांडीवर रंगवायचे. ती आगरी, मी कोकणी मुसलमान. तिला माझ्या डब्यातले सांदण आवडायचे, मला तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट. तिने माझ्याकडून अलिफ-बे शिकून घेतलं होतं, आणि आजही ती मला ईदच्या शुभेच्छा उर्दू अक्षरांत पाठवते, एखादा नुक्ता चुकवून. पुढे मी खालापूर तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत लागले, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवायला. ती कर्जत तालुक्यातच मराठी शाळेत लागली.

तिचे पती 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारात जाऊ शकत नव्हतं. मी फोनवरच रडले, तीही फोनवरच रडली. तिची मुलगी तेव्हा 11 वर्षांची होती. त्याच वर्षी सरकारने कोरोनात पती गमावलेल्या बायकांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं. कागदपत्रं, दाखले, वारस नोंदी हे सगळं तिने शाळा सांभाळून केलं. तिला नोकरी होती म्हणून ती उभी राहिली, असं लोक म्हणत. मला वाटतं, मुलीला डबा द्यायचा असतो म्हणून बाई सकाळी उठते आणि मग उभी राहतेच.

चार वर्षांनी तिने लग्न करायचं ठरवलं. ओळखीतलेच एक शिक्षक, त्यांचीही पत्नी आजारपणात गेलेली, एक मुलगा कॉलेजात. दोन्ही मुलांना आधी विचारलं. तिच्या मुलीने महिनाभर काही उत्तरच दिलं नाही. मग एक दिवस विचारलं, “आपण आपली कपाटं तिकडे नेणार का?” हेच तिचं हो.

तिच्या भावांचा लग्नाला विरोध नव्हता, हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे विधवाविवाह म्हटलं की विरोध करणारे भाऊ डोळ्यांसमोर येतात. तिचे भाऊ म्हणाले, “कर गं बाय, आमची ना नाही. देवळात हार घालू, घरातल्या घरात जेवू. मांडव, हळद कशाला? लोक काय म्हणतील?” आगरी, कुणबी आणि अशाच अनेक शेतकरी जातींत विधवेला दुसऱ्या लग्नाची मुभा पूर्वापार होतीच. त्या लग्नाला ‘पाट’ म्हणत, काही ठिकाणी ‘मोहतूर’. पाट रात्री लागायचा, मोजक्या माणसांत लागायचा. कुमारिकेच्या लग्नातले सगळे विधी त्यात नसायचे. नव्या जोडप्याचं तोंड सकाळपर्यंत सवाष्णींनी पाहू नये, असाही समज काही ठिकाणी होता. म्हणजे परवानगी पूर्ण, पण उजेड नाही. भावांनी ‘पाट’ हा शब्द उच्चारला नव्हता. पण ते सांगत होते ते तेच होतं, फक्त रात्रीऐवजी देवळाच्या कोपऱ्यात.

ती ऐकेना. तिचं म्हणणं होतं, मी काही चोरी करत नाही. मांडव पडेल, हळद लागेल, धवलारीण येईल, आणि लग्न दुपारी लागेल. मला फोन केला तेव्हा म्हणाली, “तू एकटी येऊ नकोस. भाऊजींना आण, पोरांना आण. आणि अम्मींना आणच.” मी विचारलं, अम्मींचं गुडघ्याचं दुखणं आहे, एवढा आग्रह का? ती म्हणाली, “अगं, एकटी बाई आली तर मैत्रीण आली. म्हातारं माणूस घेऊन अख्खं घर आलं, तर लग्न झालं.”

हे वाक्य मी आमच्या घरात जसंच्या तसं सांगितलं. आता ते तीन प्रश्न.

आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी माझ्या मिस्टरांना सांगून पाहिलं, “आगऱ्यांच्या हळदीत दारू असते, डीजे असतो. बायको मैत्रीण आहे, तिला जाऊ दे. बाकीच्यांना कशाला?” त्यांचं अगदीच चूक नव्हतं. हळदीत दारूवर आणि डीजेवर होणारा खर्च हा आगरी समाजातल्याच जाणत्या लोकांचा जुना त्रास आहे. ते तो बंद करा म्हणून सांगत आले आहेत. मिस्टरांनी शांतपणे उत्तर दिलं, “दारू प्यायला कुणी बोलावलेलं नाही, लग्नाला बोलावलंय. पूजेत आम्ही बसणार नाही, ते त्यांनाही माहीत आहे. माणसाच्या आनंदात जायला आपल्याला कुणी मनाई केलेली नाही.” विषय तिथेच संपला.

खोपोलीहून गाडीने निघालो. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी आणि कर्जत, एवढाच प्रवास. पण धाकट्याला खिडकी मिळाली म्हणून त्याला तो मुंबईएवढा मोठा वाटला. कर्जतला तिचा भाचा इको गाडी घेऊन उभा होता. मुरबाड रस्त्याने कडाव सोडलं की ऐन उन्हाळ्यातही मधेच हिरवी भातशेती दिसते. बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पेज नदीला आणि कालव्याला येतं, म्हणून या भागात काही गावं उन्हाळी भात घेतात. सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, “पावसाशिवाय भात! अल्लाहची शान.” भाचा म्हणाला, “आजी, टाटाची पण थोडी.” त्या खूप हसल्या.

जेवणाचा प्रश्न मांडवात पाऊल ठेवताच सुटला. मला वाटलं होतं आमच्यासाठी वालाचं बिरडं आणि भाकरी बाजूला ठेवली असेल आणि आम्ही ती आनंदाने खाऊ. मैत्रिणीचा थोरला भाऊ मिस्टरांना टोपांपाशी घेऊन गेला. म्हणाला, “मटण कर्जतहून तुमच्याच खाटकाकडून आणलंय. सगळ्या मांडवाचं. दोन टोप दोन जातीचे करायचे तर वाढप्याचा गोंधळ होतो.” दोन टोप दोन जातीचे! मिस्टर अजून ते वाक्य सांगून हसतात. म्हणजे त्या रात्री अख्ख्या मांडवाने हलाल मटण खाल्लं आणि कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

नमाजचंही तसंच. वरच्या खोलीत चटई टाकून ठेवली होती. मैत्रिणीच्या मुलीने मोबाइलवर किब्ल्याची दिशा काढून चटई तिरपी करून ठेवली होती. खाली बेंजो वाजतच होता. तो कुणी थांबवला नाही, आम्हीही थांबवायला सांगितला नाही. वर मिस्टरांची मगरिब चालू, खाली बेंजोवर कोळीगीत चालू. ज्याचं त्याचं चाललं होतं. दारूचं म्हणाल, तर मैत्रिणीने भावांना बजावलं होतं की मांडवात बाटली दिसली तर मी पाटावर बसणार नाही. काही पोरं रुसून शेताच्या बांधावर जाऊन बसली. ती तिथे काय करत होती ते सगळ्यांना कळत होतं. पण मांडव स्वच्छ राहिला.

मुलांचा प्रश्न तर उरलाच नाही. माझ्या मुली मेंदीचे कोन घेऊन गेल्या होत्या. तासाभरात त्यांच्याभोवती वीस-पंचवीस हात पुढे आले. धाकटा तर हरवलाच. सापडला तेव्हा तो दहा मुलांबरोबर गोठ्यात वासराला चारा घालत होता.

तर असे तिन्ही प्रश्न सुटले. धर्म वेगळा असला की काय लागेल, काय चालणार नाही, हे आपण विचारतो. समोरचाही विचारतो. विचारलं की सोय होते. अडचण येते ती न विचारलेल्या गोष्टीची.

हळद संध्याकाळी उशिरा लागायची होती. मांडवाला आंब्याची पानं आणि उंबराची डहाळी बांधलेली. उखळ-मुसळाला हळद-कुंकू लावून घाणा भरून झाला होता. धवलारीण आली होती. आमच्या वाचकांपैकी काहींना हा शब्द नवा असेल. आगरी समाजात लग्नाचे विधी गाण्यांतून चालवणारी बाई म्हणजे धवलारीण. ती गाते त्या गाण्यांना धवले म्हणतात. पूर्वी ब्राह्मण नसला तरी चालायचं, धवलारीण लागायचीच. पोथी नाही, सगळं पाठ, आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आलेलं. मी शाळेत मुलांना मौखिक परंपरा शिकवते, पण ती अशी समोर बसलेली, पायाला तेल चोळत, फारच थोड्या वेळा पाहिली होती.

गावातल्या दोघी-तिघी आधीच कुजबुजत होत्या, की ही दुसरेपणाची नवरी, हिला पूर्ण धवले म्हणायचे का? धवलारणीच्या कानावर ते गेलं. ती म्हातारी मान वर न करताच म्हणाली, “लगीन हाय ना? मग धवला पुरा. अर्धा धवला मला येत नाय.” मला ते उत्तर एखाद्या फतव्यापेक्षा किंवा शासन निर्णयापेक्षा मोठं वाटलं. जिच्या हातात विधी होता, तिनेच प्रश्न निकालात काढला.

पण पुढची गाठ तिलाही सुटली नसती. मैत्रीण पाटावर बसली. तिची आत्या पुढे येऊन म्हणाली, “चला, पाच सवाष्णी पुढे या.” बायका उठल्या. मैत्रिणीची आई मात्र मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती. काकींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना कुणी ‘तुम्ही थांबा’ म्हटलं नव्हतं. त्या स्वतःच थांबल्या होत्या, हात पदराखाली घेऊन. सगळ्या मांडवात त्या बाईइतका त्या हळदीवर कुणाचा हक्क नव्हता. याच मुलीसाठी चार वर्षं त्यांनी रात्री झोप घेतली नव्हती. आणि त्या उंबऱ्याच्या आत होत्या.

मैत्रिणीने आत्याला सांगितलं, “आत्या, पहिली हळद आई लावेल.” आत्या म्हणाली, “अगं, ती कशी लावेल? तुझ्या बऱ्यासाठीच बोलतेय.” मैत्रीण म्हणाली, “मग मला तरी कशी लागेल? मी पण कालपर्यंत तिच्यासारखीच होते ना.”

मांडव गप्प झाला. बेंजोवाल्यालाही काय झालं कळेना, तोही थांबला. काकी रडायला लागल्या आणि मानेने नाही नाही म्हणू लागल्या. आत्यावर राग धरावा असंही नव्हतं. तिला खरंच भीती वाटत होती. एकदा संसार मोडलेल्या पोरीला पुन्हा काही होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. भीती आणि माया एकाच बाईत असतात, म्हणून तर या चाली टिकतात.

तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनाही सासऱ्यांच्या मागे बारा वर्षं झाली. त्या काकींजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “चला ताई, आपण दोघी लावू. मला एकटीला जमायचं नाही, खाली वाकता येत नाही.” काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. दोघी पाटापर्यंत आल्या. काकींनी आंब्याच्या पानाने मुलीच्या पायाला हळद लावली, गुडघ्याला लावली, खांद्याला लावली. कपाळाला लावताना पान गळून पडलं आणि त्यांनी हातानेच लावली, दोन्ही गालांना. मग सासूबाईंनी लावली. मग मैत्रिणीच्या मुलीने. मग आत्याने, डोळे पुसत. आणि मग सवाष्णी. धवलारणीने कुणाची वाट न पाहता धवला धरला होता.

रात्री झोपताना मी सासूबाईंना विचारलं, “अम्मी, तुम्ही कशा उठलात?” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आपल्याकडे तरी मला कुठे कुणी उठू देतं?”

हाच तो चौथा प्रश्न.

आम्हा कोकणी मुसलमानांच्या लग्नात हळद असते, बायकांची गाणी असतात, मेंदी असते. आणि तिथेही ‘सुहागन बायका पुढे या’ असं म्हटलं जातं. आमच्या खानदानातल्या हळदीत सासूबाई मागे सरकून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी हटकलेलं नव्हतं. काकींनाही कुणी हटकलेलं नव्हतं. दोन वेगळ्या धर्मांच्या दोन बायका दोन वेगळ्या मांडवांत एकाच जागी उभ्या होत्या, उंबऱ्याच्या आत.

आणि आमच्याकडे तर याला काडीचा आधार नाही. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती संपली की तिला निकाहची मोकळीक आहे. तिचा दुसरा निकाह पहिल्याइतकाच निकाह. तोच इजाब-कबूल, तेच दोन साक्षीदार, तसाच महर. निकाहला वेगळं, कमी दर्जाचं नाव नाही, ‘पाट’ नाही. हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या, स्वतःचा व्यापार सांभाळत होत्या, आणि लग्नाचा निरोप त्यांच्याच बाजूने गेला होता. पैगंबरांच्या (स.) पत्नींपैकी हजरत आयेशा (रजि.) सोडल्या तर बाकीच्या विधवा किंवा घटस्फोटित होत्या. हे सगळं आमच्या मुलांना मदरशात लहानपणीच सांगितलं जातं. तरी मोहल्ल्यात एखाद्या विधवेचा निकाह ठरला की तो कसा होतो? इशानंतर, बैठकीच्या खोलीत, काजी, वकील, दोन साक्षीदार आणि चार माणसं. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरतात आणि दार लोटलं जातं. वलीमा टाळला जातो. वर सांगितलं जातं, “साधेपणाने केलं, सुन्नत आहे.” साधेपणा सुन्नत आहेच. पण मग त्याच घरातल्या कुमारिकेच्या लग्नाला चारशे पानं का उठतात? ज्याला आपण साधेपणा म्हणतो तो बरेचदा लाजेचा पडदा असतो.

कायद्याचंही असंच आहे. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. त्यानंतर 37 वर्षांनी, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. कायदा त्यांच्या बाजूने होता, गाव नव्हतं. अलीकडचं सांगायचं तर 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या चाली बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने लगेच परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण परिपत्रक मांडवात येऊन काकींचा हात धरू शकत नाही. तिथे माणूस लागतं, तेही शक्यतो तिच्याच वयाचं, तिच्यासारखंच मागे उभं राहिलेलं.

आमच्या निकाहमध्ये साक्षीदार ही अट आहे. दोन साक्षीदारांशिवाय निकाह होत नाही. आणि निकाह लपवू नका, जाहीर करा, अशी शिकवण आहे. मी हे वर्षानुवर्षं ऐकत आले, पण त्याचा अर्थ मला कडावच्या पुढच्या त्या मांडवात उमगला. साक्षीदार फक्त सही करायला नसतो. या दोघांचं लग्न झालं, ते आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं, उद्या कुणी बोट दाखवलं तर आम्ही आहोत, असं सांगायला तो असतो. मैत्रीण ‘अख्खं घर घेऊन ये’ म्हणाली ते याचसाठी. तिला आहेर नको होता. तिला दिवसाउजेडी पाहणारे डोळे हवे होते, म्हातारे आणि लहान, सगळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. रणरणतं ऊन होतं. अंतरपाट धरला तेव्हा एका बाजूला तिची मुलगी उभी होती, दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा. मंगलाष्टकं चालू असताना आम्ही मांडवाच्या कडेला उभे होतो. अक्षता हातात आल्या तेव्हा धाकट्याने विचारलं, “टाकू का?” त्याचे अब्बा म्हणाले, “तांदूळ आहेत, आणि मनात दुआ कर.” त्याने तांदूळ इतक्या जोरात टाकले की पुढच्या आजोबांच्या टोपीत गेले. वाढपी ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरत होते, आणि पंगती चारपर्यंत उठत होत्या. गावातले जे हळदीला आले नव्हते त्यांतले बरेच जण दुपारी आले. भावाने मिस्टरांना हळूच सांगितलं, “काल हळदीला लोक जमले ते कळलं, म्हणून आज हे आले.” माणसं माणसांना बघून येतात. वाईट गोष्टीला येतात तशी चांगल्यालाही येतात.

सगळं गोड झालं असंही नाही. नवऱ्याकडची दोन घरं आलीच नाहीत. मैत्रिणीच्या पहिल्या सासरहून कुणी आलं नाही. मुलीची आजी तिकडे आहे, तिच्याकडे मुलीने सुट्टीत जायचं की नाही, हे अजून ठरायचं आहे. मुलगी नव्या घरात वडिलांचा फोटो कुठे लावणार, यावरही बोलणं व्हायचं होतं. ते नंतर झालं. फोटो हॉलमध्ये लागला, त्यांच्या पहिल्या पत्नीच्या फोटोशेजारी. मैत्रीण मला सांगत होती, “घरात चार मोठी माणसं आहेत, दोन भिंतीवर.”

आता आमच्या घराचं. माझी एक चुलत नणंद आहे, 36 वर्षांची. तिच्या शोहरचं निधन होऊन तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिच्यासाठी एक चांगला निरोप आला. बोलणी पुढे गेली, आणि घरात नेहमीची वाक्यं सुरू झाली. इशानंतर करू. घरातल्या घरात करू. लोकांना नंतर सांगू. सासूबाई बैठकीत बसल्या होत्या. त्यांनी पानदान बंद केलं आणि म्हणाल्या, “निकाह जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत होईल, एलान होईल. हळद आपल्या अंगणात, आणि पहिली मी लावीन.” एक-दोघांनी चमकून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, “चाची, हे कुठून काढलंत?” त्या म्हणाल्या, “कर्जतहून आणलं.”

तारीख अजून ठरलेली नाही. काही जण नाराज आहेत, काही वाट बघत आहेत की सासूबाई विसरतील. त्या विसरणार नाहीत. मैत्रिणीला मी फोनवर सांगितलं, तर तिने पहिलाच प्रश्न विचारला, “आईला घेऊन येऊ ना?”

मी हे लिहिते आहे ते कुणाला उपदेश करायला नव्हे. तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई असेल, हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो, ख्रिश्चन असो. तिचं लग्न ठरलं आणि बोलावणं आलं, मग ते छापील पत्रिकेने येवो की नुसत्या फोनने, तर आहेराचं पाकीट पाठवून मोकळे होऊ नका. जेवणाचं आणि नमाजचं विचारून घ्या, त्याची सोय होते. मुलांना बरोबर घ्या. घरात आई, सासू, आत्या, खाला, जी कुणी हळदीच्या वेळी मागे सरकून बसते, तिला आधी गाडीत बसवा. आणि तिथे पोचलात की पुढच्या रांगेत बसा, जिथून तुम्हाला दिसेल आणि तुम्हीही सगळ्यांना दिसाल.